अण्णांची काठी पाठवतोय

टिळकवाडी, बेळगाव
9 मार्च 2025

चि. अन्या,
अनेक आशीर्वाद.

सुहास उद्या दिल्लीला निघालाय. तिथून मनालीच्या बसनं येऊन तो औटला उतरेल आणि तुला भेटेल. अण्णांच्या मासे धरायच्या काठीची नळी त्याच्याकडे देतोय. हे पत्र नळीतच गुंडाळून घातलंय, म्हणजे काठीच्या आधी ते तुझ्या हाती येईल.

गेल्या रविवारी फोनवर मी बोललो ते बोलायला नको होतं. "मी गेल्यावर ने ती काठी" हे वाक्य तोंडातून गेलं आणि तू फोन ठेवलास. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो, ट्रंकांच्या मागून नळी काढली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्यापाशीच बसतोय. पाण्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त काठीबद्दल लिहितो.

काठी नऊ फुटांची आहे, तीन तुकड्यांची, आणि टोकाचा एक तुकडा जादा. सहा पट्ट्या तासून एकमेकींना चिकटवल्यात, म्हणून ती गोल नाही, षटकोनी लागते हाताला. बांबू चीनचा, टोंकिन म्हणतात तो. घडवली इंग्लंडात, ॲल्निकला, हार्डीच्या कारखान्यात. साहेबांनी ती अण्णांना 1967 मध्ये पहलगामला दिली, स्वतः परत जाताना. तिथल्या लिडर नदीच्या काठी चार हंगाम अण्णा साहेबांचं जाळं धरून उभे राहिले होते आणि पाहून पाहून शिकले होते. काश्मिरात हे ट्राउट मासे मुळात नव्हतेच, अण्णा ते मोठ्या अपूर्वाईनं सांगायचे. विलायतेहून 1899 मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच मेली, पुढच्या वर्षीची जगली. तुझ्या कुल्लूकडे ते 1909 च्या सुमारास सोडले. म्हणजे तू ज्या माशाच्या मागे लागलायस तोही तिथं बाहेरून येऊन रुजलेलाच आहे.

मी काय काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुला पुन्हा तपासता येईल. प्रत्येक तुकडा जेवणाच्या टेबलावर घरंगळवला. दोन टोकांपैकी एक बाकदार झालंय, भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे असणार. त्याला मी दोरा बांधून ठेवलाय. दोऱ्याचं टोक वापरू नकोस, सरळ असलेलं वापर. मग तुकडा कानाशी धरून हलकेच वाकवायचा आणि ऐकायचं. आतून टिक् असा आवाज आला तर सरस सुटलाय. तुझ्या काठीतून आवाज येत नाही. कड्यांमधून कापूस ओढून पाहिला. मुठीकडच्या पहिल्या कडीत अकीक बसवलेला आहे, तिथं कापसाचे तंतू अडकले. भिंगातून पाहिलं तर केसाएवढी चीर. तेवढ्या चिरेनं नवी दोरी दोन दिवसांत खरवडून निघाली असती. ती कडी काढली आणि साधी पोलादी बसवली. आईनं ती लाल रेशमी दोऱ्यानं बांधली, वेढ्याला वेढा लावून, मधे फट नाही. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. वर व्हार्निशचे दोन हात मी दिले.

जुनी रेशमी दोरी मात्र गेली. दोन्ही हातांनी ताणली तर शिजलेल्या शेवयांसारखी तुटली. खोक्यावर एचडीएच अशी अक्षरं होती. 1961 पासून दोऱ्यांना आकडे आले, त्या हिशेबात ही साधारण सहा नंबरची. म्हणून सहा नंबरची नवी प्लास्टिकची दोरी मागवली, दोन्ही टोकांना निमुळती असलेली. हिला रेशमासारखी चरबी लावावी लागत नाही. टोकाचा धागा पूर्वी रेशीमकिड्याच्या पोटातल्या रेशीमग्रंथीपासून काढलेला असायचा. अण्णा तो आदल्या रात्री वाटीत भिजत घालायचे. त्याच्या सुरळ्या अजून डब्यात आहेत, पण हातात घेतल्या की काड्यांसारख्या मोडतात. आता आपला तंगूस घ्यायचा, बारीक. गळावर पिसं बांधून केलेल्या त्या खोट्या माश्यांना कसर लागलीय आणि गळ गंजलेत, वापरू नकोस. एकच चांगली निघाली, आपल्या कोंबडीच्या तांबड्या पिसाची, ती मी इथंच ठेवून घेतलीय. रागावू नकोस.

रीळ रॉकेलनं पुसलं, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घातलं आणि मूठ फिरवली. कर्रर्र असा तो आवाज आला आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. अण्णांना जाऊन बावीस वर्षं झाली, पण तो आवाज तिनं ओळखला.

या साऱ्या प्रकारात माशीला वजन नसतं, वजन दोरीचं असतं. आपल्याकडे गळाला शिसं लावून फेकतात तसं इथं नाही. दोरी मागे जाते, मागे सरळ होते, तिच्या ओढीनं काठी वाकते आणि मग पुढे सोडते. सगळे नवशिके मागे थांबत नाहीत आणि चाबकासारखा आवाज काढतात. अण्णा परसात तुळशीपाशी उभे राहून मला शिकवायचे, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. दोरी मागे गेली की "पांडुरंग" म्हणायचं, पूर्ण, आणि मगच हात पुढे. घाईत "पांडु" वरच हात पुढे आणला की ते काही न बोलता माझं मनगट धरायचे. तू तिथं ज्या कार्बनच्या काठीवर शिकतोयस ती चपळ असणार. बांबू सावकाश आहे, त्याला पूर्ण पांडुरंग लागतो. शाळेच्या मैदानावर आठवडाभर लोकर बांधून कर. मुलं बघायला येतील, येऊ देत. त्यांना लांब उभं कर.

आणि मैदानावर पाणी नाही, हे एक चांगलंच आहे.

अन्या, मी प्रयत्न करतोय.

जोडाचं सांगायचं राहिलं. पितळी टोकं सरळ आत ढकलायची, पिळायची नाहीत. पिळलं की बांबू चिरतो. आत घालण्याआधी अण्णा ती टोकं आपल्या केसांतून फिरवायचे. खोबरेल लावलेलं डोकं, तेवढं तेल पुरायचं. मी दहा वर्षांचा असताना मार्कंडेय नदीच्या काठी तेच माझ्या डोक्यावर करायचे, कारण तोवर त्यांचे केस विरळ झाले होते. थंडगार पितळ टाळूला लागायचं. इतके मासे त्यांनी धरले, आणि मला आठवतं ते पितळ. तिथं ट्राउट कुठला, बोटभर मासे लागायचे आणि ते परत सोडायचे. मला मात्र पाण्यात उतरायची परवानगी नव्हती. घोट्यापर्यंतही नाही. उतरलोच तर त्यांचा डावा हात माझ्या पट्ट्यात. एका हातानं पट्टा धरून उजव्यानं ते दोरी टाकायचे, पाऊण तास. तेव्हा वाटायचं, किती भित्रे आहेत अण्णा. काश्मिरात त्या पाण्यात काय पाहिलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

जोड अडकला, थंडीत अडकतोच, तर एकट्यानं झटापट करायची नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, प्रत्येकाचा एक हात जोडाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला, आणि सरळ ओढायचं. चार हात लागतात. म्हणून बरोबर कुणीतरी असावं.

काठीसाठी म्हणतोय मी. आणि नाहीही.

तुला शेवटची फीट येऊन तीन वर्षं आठ महिने झाले. मी मोजतो, तुला आवडत नाही हे माहीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, याला सगळं करू द्या, नोकरी, प्रवास, डोंगर, फक्त पाण्यात आणि उंचावर एकटा नको. एवढंच म्हणाल्या होत्या. त्याआधीच्या त्या दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरात दोन इंच पाणी होतं रे. बादली कलंडली होती, नळ चालू होता, आणि तू पालथा. मी कडी तोडून आत आलो तेव्हा तुझं नाक पाण्यात होतं. तुला त्यातलं काही आठवत नाही, ते बरंच आहे. मला तो नळाचा आवाज आठवतो. तुझ्या तीर्थन नदीत दोन इंच पाणी नसतं.

तीर्थनवर धरण नाही हे तू मला तीनदा सांगितलंस, मीही वाचलंय. पण तीच तीर्थन लारजीपाशी बियासला मिळते, आणि 2014 च्या जूनमध्ये तिथून जवळच थलोटला, धरणाचं पाणी सोडल्यावर हैदराबादची 24 मुलं वाहून गेली होती. ती धडधाकट मुलं होती, फोटो काढत उभी होती. वरच्या अंगाला तू खबरदारी घेशील, पण मासा मागे लागला की माणूस खाली खाली सरकत जातो. बर्फ वितळायच्या दिवसांत दुपारनंतर पाणी चढतं, सकाळी ओलांडलेली जागा संध्याकाळी तीच राहत नाही. गुडघ्याच्या वर जायचं नाही. छाती नाही, कूस प्रवाहाकडे ठेवायची, एक पाय घट्ट रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, हातात दांडकं हवं. ते रबरी सूट घालतोस त्याला कंबरेला पट्टा आवळायचा, नाहीतर पडल्यावर पाणी आत भरतं. पहाटे जायचं असेल तर आदल्या रात्री नऊला झोप. जागरणानं काय होतं ते तुला सांगायला नको. गोळी चुकवून

हे वाक्य अर्धं सोडतोय. मला वाटलं होतं काठीची काळजी कशी घ्यायची ते लिहीन आणि तू हसत वाचशील. तू चोवीस वर्षांचा आहेस, बंजारच्या शाळेत पस्तीस मुलांचा मास्तर आहेस. तू पाठवलेला तो व्हिडिओ, तिसरीतली ती मुलगी फळ्यावर नदीचा नकाशा काढून "इधर से पानी आता है" सांगते तो, मी बँकेतल्या सगळ्या जुन्या मंडळींना दाखवला. शेजारच्या काकूंना दोनदा दाखवला. इतका सगळा मुलूख सोडून तू तिथं जाऊन उभा राहिलास, एकट्यानं घर लावलंस, पहाडी बोलायला लागलास. माझ्या वयाच्या चोविसाव्या वर्षी मी हुबळीची बदलीसुद्धा रद्द करून घेतली होती. माफ कर. बाप म्हणून मला एवढंच जमतं.

एकच विचारतो, आणि याचं उत्तर फोनवर दे, आईसमोर नको. तिथं कुणाला सांगितलंयस का? तुझ्या घरमालकांना, बरोबरच्या त्या शिक्षकाला, कुणा एकाला? कळलं तर नोकरीवर ठेवणार नाहीत ही भीती तुला वाटते, ती मला समजते. पण एकाला तरी माहीत हवं, की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही, घड्याळ पाहायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. पाण्यात असेल तर डोकं वर धरायचं. शिकायला दहा मिनिटं लागतात. पांडुरंग म्हणायला शिकण्यापेक्षा सोपं आहे.

काठी ओली असताना नळीत घालायची नाही. कापडी पिशवी आधी उन्हात वाळव, काठी सावलीत. गळ दगडात अडकला तर काठी वर ओढायची नाही, टोक मोडतं. काठी दोरीच्या रेषेत सरळ धरायची आणि दोरी हातानं ओढायची. तंगूस तुटेल, तुटू दे. मासा काठीनं उचलायचा नाही, वाकून ओल्या हातानं घ्यायचा. आणि परवाना काढल्याशिवाय नदीवर जायचं नाही. अण्णा बीटचा, म्हणजे नेमून दिलेल्या नदीच्या टप्प्याचा, पास छातीच्या खिशात ठेवायचे, तिथल्या रखवालदारानं कधी विचारला नाही तरी स्वतःहून दाखवायचे.

पहिल्यांदा जोडशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव. मला जोड बसताना बघायचाय. केसांना तेल लावतोस का हल्ली?

तुझा,
बाबा

ता. क. आईनं कुंद्याचे दोन डबे दिलेत सुहासकडे. एक तुला, एक तुझ्या घरमालकांना. डबा द्यायला जाशील तेव्हा दाराशी देऊन परत येऊ नकोस, आत बस थोडा वेळ. तेव्हाच सांगून टाक.