टोक काढून दिलेली पेन्सिल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लॅन्सबरी यांच्याविषयी मी पाऊण तास बोललो. आपण शेवटच्या रांगेत बसला होतात आणि टाळ्या थांबण्याआधीच उठून निघालात. म्हणून समोर उभे राहून जे सांगायचे होते, ते चारचौघांदेखत लिहून कळवतो आहे.

घरपट्टीची मागणी बिले काढण्यात ज्याची ३१ वर्षे गेली, अशा माणसाला एका ब्रिटिश समाजवाद्याच्या चरित्राची ओढ का लागावी, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. एका प्राध्यापक महाशयांनी तो हसून विचारला आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असे तीन वेळा सांगितले. एका ग्रंथालयात तर पुस्तक काचेच्या कपाटात डोळ्यांसमोर उभे होते. परंतु किल्ली ज्यांच्यापाशी ते गृहस्थ रजेवर होते, आणि ती रजा चार महिन्यांत संपली नाही. पुस्तके जपणे म्हणजे ती वाचणाऱ्यांपासून जपणे, असा काही नियम असावा.

आपली आणि माझी ओळख तरी किती? ओळखीच्या एका दुकानदाराने पत्ता दिला, म्हणून पूल ओलांडून मी ठाण्याच्या कोपरीत आपल्या दारी आलो. आपण पुस्तक आणून हाती दिलेत, आणि मी ते पिशवीत घालणार तोच ‘थांबा’ म्हणून आत गेलात. परत आलात ते पेन्सिलीला टोक काढत. लाकडाचा भुसा आपल्या सदऱ्यावर पडत होता. ती पेन्सिल पुस्तकात ठेवून आपण म्हणालात, “खुणा करा. वाचायला दिले आहे, सांभाळायला नाही.” सर, पुस्तक देणारे मी याआधीही पाहिले आहेत, परंतु परक्याच्या हाती आपले पुस्तक देऊन वर त्यावर लिहिण्याची मुभा देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पहिली खूण मी केली ती अर्थातच पॉप्लरच्या पानावर. पूर्व लंडनमधल्या त्या गरीब वस्तीत घरांचे करयोग्य मूल्य कमी, बेकार मात्र अमाप, आणि त्यांच्या मदतीचा बोजा तिथल्याच करदात्यांवर. वर संपूर्ण लंडनच्या काउंटी कौन्सिलचा, पोलिसांचा हिस्साही त्यांनीच भरायचा. १९२१ मध्ये लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकारी नगरसेवकांनी हा बाहेरचा हिस्सा वसूल करण्यासच नकार दिला, मिरवणुकीने न्यायालयात गेले आणि ३० जण तुरुंगात गेले. पुरुषांना ब्रिक्स्टनला आणि स्त्रियांना हॉलोवेला ठेवले होते. पॉप्लरच्या कौन्सिलची सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरे आणि स्त्री सदस्यांना तेथे आणावे लागे. शेवटी सुमारे सहा आठवड्यांनी त्यांना सोडावे लागले, आणि गरिबांच्या मदतीचा भार श्रीमंत भागांनीही उचलावा असा कायदा झाला. ज्याने जन्मभर थकबाकीच्या नोटिसा बजावल्या, त्याला हे वाचून रात्री झोप लागली नाही, एवढेच सांगतो. लॅन्सबरींची सून मिनी तुरुंगातून सुटली आणि १ जानेवारी १९२२ रोजी, ३२ व्या वर्षी वारली. त्या ओळीखाली मी खूण केलेली नाही.

१९१२ च्या पानावर आपली जुनी खूण होतीच. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, त्याच प्रश्नावर पोटनिवडणूक लढवली आणि ७५१ मतांनी हरले. समासात आपण लिहिले आहे : ‘कुणी सांगितले होते?’ त्याखाली मी लिहिले, ‘कुणीच नाही, म्हणूनच.’ आपल्याला राग आला असल्यास क्षमा असावी.

१९३७ मध्ये युद्ध टळावे म्हणून ते हिटलरला भेटायला गेले, त्या पानावर मात्र मी मोठे प्रश्नचिन्ह काढले आहे. शांततावाद सोडवेना म्हणून १९३५ मध्ये मजूर पक्षाचे नेतेपद सोडणारा माणूस हिटलरच्या शब्दावर विसंबतो, हा भाबडेपणा मला अजून पचलेला नाही. व्याख्यानात मी ते झाकले नाही. आपण मान हलवलीत, ती होकाराची की नापसंतीची, हे ओळखता आले नाही.

त्यांनी मंत्री असताना लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावावर सामान्य लोकांसाठी पोहण्याची जागा करवून घेतली, तिला लोक आजही लॅन्सबरींच्या नावाने ओळखतात. पुस्तक मिटून मी संध्याकाळी तलावपाळीवर बसलो, तेव्हा कठड्यावर कणीस खाणारी मुले पाहून हा मंत्री मला सर्वांत जवळचा वाटला. भला माणूस बहुधा अशाच लहानशा सोयीत सापडतो. आपल्या घरी तो मला सदऱ्यावरचा भुसा झटकताना दिसला.

पुस्तक येत्या रविवारी आणून देतो. पृष्ठे सर्व शाबूत आहेत. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस चहाचा एक डाग आहे, तो माझा. पेन्सिल आता चार बोटे उरली आहे.

आपला कृतज्ञ,
नौपाड्यातला एक निवृत्त कर लिपिक