रिअर प्रोजेक्शन टीव्ही घेताना घरची माणसं सोबत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला होम थिएटरवरचा लेख वाचला. ‘जुना रिअर प्रोजेक्शन टीव्ही चांगल्या स्थितीत मिळाला तर जरूर घ्या, आणि भिंतीला मावेल तेवढा मोठा घ्या,’ असं लेखकांनी म्हटलं आहे. (रिअर प्रोजेक्शन म्हणजे पेटीच्या आतून, पडद्यावर मागून चित्र पाडणारा टीव्ही.) सल्ल्याचा पहिला भाग मला पटतो. दुसऱ्या भागासाठी हे पत्र लिहीत आहे.

२००६ साली आम्ही ६० इंची डीएलपी संच, म्हणजे इवल्या आरशांच्या चिपने चित्र पाडणारा टीव्ही, घेतला. निवडायला मी आणि माझा मोठा भाऊ, दोघंच गेलो होतो. दुकानात आम्ही ऐन समोर बसलो, चित्र लखलखीत दिसलं, पसंत केलं. घरी तो संच एका उंच टेबलावर ठेवला. वडिलांना कमी दिसायचं, म्हणून ते सगळ्यांच्या पुढे, बुटक्या खुर्चीत बसत. ‘चित्र काळं दिसतंय रे,’ असं ते रोज म्हणायचे आणि आम्ही रोज त्यांच्या मोतीबिंदूला दोष द्यायचो. तीनेक आठवड्यांनी एकदा रिमोट शोधताना मी सहज त्यांच्या खुर्चीत टेकलो. वर पाहिलं, तर अर्धा पडदा खरोखरच काळवंडलेला! त्या आठवणीने आजही अपराधी वाटतं.

कारण साधं आहे. या टीव्हीत चित्र आतल्या आरशावरून पडद्यावर मागून पडतं. पडद्याला दोन थर असतात. फ्रेनेल भिंग विखुरणारा प्रकाश सरळ करून पुढे धाडतं, आणि त्याच्या पुढचा उभ्या बारीक रेघांचा थर तो डावी-उजवीकडे पसरवतो. वर-खाली मात्र फारच थोडा पसरतो. म्हणून कोचाच्या दोन्ही टोकांना बसलेल्यांना चित्र ठीक दिसतं, पण कोणी उभं राहिलं किंवा खाली बसलं की ते मंदावतं. आम्ही सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेतले आणि वडिलांची खुर्ची मागे सरकवली. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा, एवढं आधी कोणी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे वाया गेले नसते.

दुसरा त्रास वहिनींना झाला. अंधाऱ्या प्रसंगात पांढरी अक्षरं आली की त्यांना कडेला लाल-हिरवे-निळे पट्टे चमकून गेल्यासारखे दिसत आणि डोकं दुखे. आम्हा बाकीच्यांना काहीच दिसत नसे. एका चिपच्या डीएलपी संचात दिव्यापुढे रंगीत चाक फिरतं. तिन्ही रंग एकामागून एक येतात आणि डोळा त्यांची मोट बांधतो. नजर पटकन हलली की काहींच्या डोळ्यांना ते रंग सुटे दिसतात. एलसीडी किंवा एलकॉस (चकचकीत चिपवरच्या एलसीडीचा प्रकार) संचात प्रत्येक रंगाला वेगळं, अशी तीन पॅनेल असतील तर तिन्ही रंग एकदमच पडतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून म्हणतो, रोज जे जे बघणार आहेत त्या सगळ्यांना संच दाखवा, आणि दाखवताना अंधारातलं दृश्य लावायला सांगा. फुलांच्या बागा कुठल्याही पडद्यावर छानच दिसतात.

आकाराचंही तसंच. ६० इंची रुंद पडद्याला साधारण आठ फुटांचं अंतर छान. खोली लहान असेल तर ५० इंचीवर थांबावं, कारण जवळून साध्या केबलचं चित्र फार फिसकटलेलं दिसतं.

आता हे संच जुनेच मिळणार. मित्सुबिशीने २०१२ च्या अखेरीस ते बनवणं थांबवलं आणि तो प्रकार तिथे संपला. म्हणून तपासणी कसून करावी. तीन चित्रनळ्यांचा (लाल, हिरव्या, निळ्या रंगाची एकेक) जुना सीआरटी संच असेल तर अर्धा तास चालू ठेवून मगच पांढऱ्या रेघांची जाळी लावायला सांगा. रेघेला लाल किंवा निळी कड दिसली तर तीन रंगांचा मेळ बिघडला आहे. तो बहुतेक वेळा पुन्हा जुळवता येतो. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर वाहिनीचं बोधचिन्ह किंवा बातम्यांच्या पट्टीची सावली दिसली, तर मात्र नळीच भाजली आहे. तो संच तिथेच सोडावा. डीएलपीवर सुटे पांढरे ठिपके आणि एलसीडीवर पिवळट-निळसर डाग दिसतात का, हे पाहावं.

डीएलपी, एलसीडी, एलकॉस असे दिव्याचे संच असतील तर त्या मॉडेलचा नवा दिवा अजून मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारावं. काही हजार तासांत दिवा मंद होत जातो. आमचा पहिला दिवा गेला तेव्हा वाटलं टीव्हीच गेला. नवा बसवला आणि चित्र पहिल्या दिवसासारखं झालं. बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ चालतो, तो थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये. नव्या दिव्याच्या काचेला उघडं बोट लावू नये.

लेखकांनी पुढच्या भागात टेबलाच्या आणि खुर्चीच्या उंचीबद्दल चार ओळी जरूर लिहाव्यात, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक