टेप-आउटची सही आणि व्यवस्थापक

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीतील चिप डिझाइनवरच्या लेखात, व्यवस्थापक झालेला अभियंता तांत्रिक कामातून सुटतो, असे सुचवले आहे. या क्षेत्रात पंचवीस वर्षे काढल्यावर, त्यांतली अकरा व्यवस्थापक म्हणून, मला ते पटत नाही.

सॉफ्टवेअरमधील चूक मागाहून सुधारून पाठवता येते. सिलिकॉनवर उतरलेली चूक मात्र तिथेच राहते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराच्या तक्त्यातील काही नोंदी भरायच्या राहिल्याचे उघडकीस आले आणि त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. म्हणूनच टेप-आउटची सही (म्हणजे चिपचा अंतिम आराखडा उत्पादनासाठी कारखान्याकडे पाठवण्याची मंजुरी) ज्याला करायची, त्याला समोरचा अहवाल वाचता आला पाहिजे.

एका टेप-आउटच्या आदल्या संध्याकाळी, टायमिंग, म्हणजे सिग्नल योग्य वेळी पोहोचतात का हे, पाहणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी सिग्नलच्या एका मार्गावर होल्ड व्हायोलेशन, म्हणजे वेळेच्या एका नियमाचा भंग, शिल्लक असल्याचे सांगितले. सेटअप चुकला, म्हणजे सिग्नल उशिरा पोहोचला, तर क्लॉकचा, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या ठोक्यांचा, वेग उतरवून चिप चालवता येते. होल्ड चुकला, म्हणजे सिग्नल गरजेपेक्षा लवकर बदलला, तर वेग कितीही उतरवला तरी फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारा घटक) चुकीचा बिट पकडू शकतो. हे मला ठाऊक होते. पण तोवर मी तारखांच्या तक्त्यांत इतका बुडालो होतो की, उणीव काही पिकोसेकंदांचीच आहे एवढे ऐकून वेव्हरवर (दोष तसाच राहू देण्याच्या परवानगीवर) सही करून मोकळा झालो. चिप आल्यावर थंड तापमानाच्या चाचणीत नेमका तोच मार्ग फसला. अशा दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले मोकळे गेट (छोटे तर्क-घटक) जवळच होते, म्हणून जोडणीच्या धातूच्या दोन थरांचे मास्क (छपाईचे साचे) बदलून भागले, तरी नव्या वेफरची (ज्यांवर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांची) वाट पाहण्यात तिमाही गेली. बाईंनी त्यावरून मला कधी एका शब्दानेही टोचले नाही, आणि तेच जास्त लागले.

व्यवस्थापकाने स्वतःच सर्किट काढत बसावे, असे माझे म्हणणे नाही. तसे करणारा हाताखालच्यांच्या वाढीच्या आड येतो. शिवाय ज्यांना माणसे सांभाळण्यात रस नाही, त्यांच्यासाठी अनेक कंपन्यांत प्रिन्सिपल इंजिनिअर किंवा फेलो अशी निराळी तांत्रिक वाट असते, जिचा आपल्या लेखात उल्लेखही नव्हता. केवळ बढतीसाठी व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या तरुणांना ती माहीत करून द्यावी, ही विनंती.

आपला,
चिप डिझाइन विभागातील एक निवृत्त व्यवस्थापक