किल्ली पाठव

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. पावसाळा लागल्यापासून रोज सकाळी आरोग्यसेविका आशाताईंबरोबर डासांच्या अळ्या शोधत गल्ल्या पालथ्या घालतोय. हातात टॉर्च, ओगराळं आणि चहाची पांढरी बशी.

२०१७ पासून आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय. गाडी आली की ओला-सुका कचरा वेगळा करून सगळे दारात हजर. त्यामुळे डासांचं नाव काढलं की लोक दुखावतात. परवा एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे डास? फरशी बघा आमची!" फरशी खरंच आरशासारखी होती. पण डेंग्यूच्या डासाला गटार नको असतं, घरात साठवलेलं निवळ पाणी हवं असतं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून घरोघरी हौद आणि पिंपं भरलेली.

काकूंच्या हौदात टॉर्च मारला. केसाएवढ्या अळ्या शेपटी वर, डोकं खाली अशा लटकत होत्या. उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या आणि जरा वेळाने एकेक करून श्वास घ्यायला वर आल्या. दोन-चार बशीत काढून दाखवल्या. काकू बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आत्ता उपसते."

नुसतं उपसून भागत नाही रे, हेच सांगून घसा बसलाय. मादी पाण्याच्या जरा वर, ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, पाणी चढलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा हौद काथ्याने खरवडून घासायचा, मग झाकायचा.

हे मी गेल्या वर्षी शिकलो. नातीला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला, आम्ही देवाला साखर ठेवली आणि त्याच रात्री तिचं पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी वाचली. नंतर गच्चीवरच्या कूलरचं झाकण काढलं, तर आत पावसाचं पाणी आणि त्यात अळ्याच अळ्या.

तुझे आजोबा ओट्यावर बसून गेडिस साहेबाच्या मिरवणुकीची गोष्ट सांगायचे, आठवते? प्लेगचे दिवस होते. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिसना बोलावलं होतं. त्यांचा अहवाल १९१८चा. त्यांनी दिवाळीला प्लेगच्या उंदराच्या पुतळ्याची मिरवणूक काढली. जी गल्ली झाडून-सारवून लख्ख, तिथून ती जाणार. सफाई कामगार नवे कपडे घालून, फुलं लावून मानाने चालले. शंभर वर्षांपूर्वी या माणसाला कळलं होतं की फतवा काढून लोक घर साफ करत नाहीत, त्यांना त्यात मान वाटावा लागतो. यंदा आपल्या गणपतीत मांडवात भिंग आणि अळ्यांची बशी ठेवणार आहोत. पोरांनी एकदा बघितलं की घरी जाऊन तीच हौद तपासतील.

आता मुख्य काम. तुझं घर तीन वर्षं बंद आहे. मागच्या अंगणातला हौद भिंतीवरून दिसतो, पावसाने काठोकाठ भरलाय. शेजारच्या घरात दोन लहान मुलं आहेत. कुलूप तोडायला मन धजत नाही. येणाऱ्याबरोबर किल्ली पाठव, रविवारी मी स्वतः उतरून घासतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पलीकडच्या ओट्यावरचा शेजारी