कोल्ह्याच्या स्तुतीतला ‘पण’

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

सातवीच्या वर्गाला इसापच्या कथा सांगायच्या आहेत आणि त्यात खुशामत व लबाडी हा धागा धरायचा आहे, असं तू लिहिलंस. धागा फार चांगला निवडलास. त्यावर एकच गोष्ट कळकळीने सांगते. लबाड प्राणी नेमकं काय बोलतो, कोणतं वाक्य आधी आणि कोणतं नंतर, ते मुलांसमोर जुन्या ग्रीक कथेत आहे तसं ठेव. कथेचा जीव त्या बोलण्यात आहे, आणि आपल्याकडे सांगता सांगता नेमकं तेच गळून पडलं आहे.

कोल्हा आणि कावळ्याचीच गोष्ट घे. आपल्याकडचा कोल्हा म्हणतो, “कावळोबा, तुमचा आवाज किती गोड! एखादं गाणं म्हणा ना.” कावळा काव काव करतो, तुकडा पडतो, मुलं हसतात. हसतात कारण कावळा मूर्ख आहे, आणि आपण एवढे मूर्ख नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे गोष्ट ऐकून कुणालाच काही लागत नाही.

इसापच्या कथांच्या जुन्या ग्रीक गद्यसंग्रहातला कोल्हा आवाजाची स्तुती करतच नाही. तो झाडाखाली उभा राहून म्हणतो की तू केवढा मोठा आहेस, किती देखणा आहेस, पक्ष्यांचा राजा व्हायला तुझ्याइतका लायक कुणी नाही. आवाज असता तर राजा झालाच असतास. आता हे वाक्य उलगडून बघ. त्या कथेतला पक्षी आपला गावकावळा नाही, त्याहून बराच मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण दोन फुटांचा, काळाभोर चकचकीत असा आहे. तेव्हा मोठा आणि देखणा हे दोन्ही खरंच आहे. खऱ्या गोष्टी ऐकल्या की ऐकणाऱ्याचं मन सैल होतं. मग येतं राजेपद. ते खोटं आहे, पण दोन खऱ्यांच्या पाठोपाठ आल्यामुळे खपून जातं. आणि शेवटी एक उणीव. या उणिवेतच गळ आहे. कावळ्याला आवाज आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे. कोल्ह्याचा गैरसमज दूर करायला त्याला काही मोठं करायचं नाही, फक्त चोच उघडायची आहे. तो फुशारकीने गात नाही, तो चूक दुरुस्त करतो. म्हणून तर शहाणी माणसंही यात सापडतात.

बाब्रियस या कवीने हीच कथा ग्रीक पद्यात केली, तिथे हा डाव आणखी उघड दिसतो. पंख सुंदर, नजर तीक्ष्ण, मान डौलदार, छाती गरुडाची, नखं अशी की कुठलंही जनावर हार खाईल. पण असा पक्षी मुका! कावळा फुगतो, चोचीतलं टाकून ओरडतो. कोल्हा ते उचलून म्हणतो, तू मुका नव्हतास तर, आवाज आहे तुला. सगळं आहे, फक्त अक्कल नाही. कावळ्याला जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं. कोल्ह्याने ते मान्यही केलं. फक्त त्याची किंमत वसूल केली.

वर्गात कुणीतरी विचारेलच की चोचीत मांस होतं की चीज. गद्यसंग्रहात मांस आहे. बाब्रियस आणि लॅटिनमध्ये लिहिणारा फीड्रस यांच्याकडे चीज. फीड्रसचा कावळा ते कुणाच्या तरी खिडकीतून चोरून आणतो. तू पुरी म्हटलीस तरी बिघडत नाही. ‘आवाज असता तर’ हे मात्र बदलू नकोस.

सांगताना फार फुलवू नकोस. ही कथा मुळात आठ-दहा ओळींची आहे, मिनिटभरात संपते. कोल्ह्याचं बोलणं पूर्ण झालं की थांब आणि विचार: यातलं कोणतं वाक्य खरं, कोणतं खोटं, आणि चोच कोणत्या वाक्याने उघडली? आधीच तात्पर्य सांगितलंस तर हा प्रश्न मरतो. तशीही ही तात्पर्यं कथेइतकी जुनी नाहीत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला फॅलेरमच्या डेमेट्रियस या ग्रीक विद्वानाने कथांचा संग्रह केला होता. तो आज उपलब्ध नाही, पण असे संग्रह वक्त्यांना प्रसंगी दाखला सापडावा म्हणूनही वापरले जात. कथेला जोडलेली ओळ बरेचदा ती कुठे वापरावी याची चिठ्ठीच असते. कावळ्याच्या कथेखाली ‘मूर्ख माणसाला ही कथा लागू पडते’ एवढंच आहे.

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची कथा. सिंह, कोल्हा आणि हरीण. बाब्रियसच्या उपलब्ध कथांमध्ये ही सर्वांत लांब आहे, शंभरावर ओळींची. हिला एक पूर्ण तास दे.

सिंह आजारी होऊन गुहेत पडलाय, त्याला हरणाचं मांस हवंय. कोल्हा रानात जातो आणि हरणापुढे आधी वाकून नमस्कार करतो. मग म्हणतो, आनंदाची बातमी आणलीय. तुझा शेजारी सिंह मरणाला टेकला आहे आणि आपल्यामागे राजा कोण याचा विचार करतोय. रानडुक्कर अडाणी, अस्वल सुस्त, बिबट्या तापट, वाघ बढाईखोर. तू उंच, दीर्घायुषी, तुझ्या शिंगांना साप भितात, आणि ती बैलासारखी नाहीत, झाडासारखी फुटलेली आहेत. तुझीच निवड झालीय. ही बातमी सर्वांत आधी मी आणली हे विसरू नकोस. मला आता निघायला हवं, सिंह प्रत्येक गोष्टीत माझाच सल्ला घेतो. माझं ऐकशील तर तूही चल, शेवटच्या घटकेला त्याच्यापाशी बस.

मुलांना दाखव की यात हरणाची स्तुती थोडी आहे आणि इतरांची निंदा बरीच. माणूस स्वतःबद्दलच्या चांगल्या बोलण्यावर शंका घेतो, दुसऱ्याबद्दलच्या वाईट बोलण्यावर सहसा घेत नाही. शिवाय कोल्हा बक्षीस आधीच मागून ठेवतो. ज्याला मोबदला हवा आहे तो खरंच काहीतरी देत असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. आणि घाई. विचाराला उसंत मिळाली तर हरीण विचारेल की मरणारा राजा वारस निवडायला कोल्ह्याला का पाठवतो.

हरीण जातं. सिंह अधीरपणे झेप घालतो आणि त्याच्या पंजात फक्त कान फाटतात. हरीण पळून जातं.

इथे थांब. मुलांना वह्या काढायला सांग आणि लिहू दे: कोल्ह्याला पुन्हा त्याच हरणाकडे जायचं आहे, ते रक्तबंबाळ आहे, चिडलेलं आहे, आता तो काय बोलेल? दहा मिनिटं दे. बरीच मुलं माफी मागायला लावतील किंवा आणखी मोठं आमिष दाखवतील. दोन्ही फसतील, आणि का फसतील यावर वर्गात बोला. माफी मागितली की गुन्हा कबूल झाला. आमिष वाढवलं की पहिलं खोटं होतं हे उघड झालं.

बाब्रियसचा कोल्हा यातलं काहीच करत नाही. तो धनगरांना विचारत, माग काढत येतो. हरीण म्हणतं, जा, ज्यांना अनुभव नाही त्यांना जाऊन बनव. तेव्हा तो उलटा चढतो: एवढं भित्रं आहेस तू? मरताना बाप लेकराला जवळ घेतो तसा त्याने तुझा कान धरला, अखेरचा उपदेश करायला. तुला आजारी हाताचा एक ओरखडा सोसला नाही. आता तो रागावलाय, लांडग्याला राजा करायला निघालाय. पानांची आणि झऱ्यांची शपथ, सिंहाच्या मनात वाईट काही नाही.

घडलेली गोष्ट तो नाकारत नाही. कान फाटलाय, रक्त आलंय, ते दिसतंय. तो फक्त त्याचा अर्थ बदलतो, आणि मग दोष जखमी झालेल्याच्या स्वभावावर टाकतो. शपथ अगदी शेवटी येते, तोवर काम झालेलं असतं. पहिल्या खेपेच्या गोड बोलण्यापेक्षा हे दुसरं बोलणं ओळखायला शिकणं अधिक गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं. सातवीतल्या मुलामुलींना हे आत्ताच कळायला हवं. ‘त्याने मारलं नाही, तूच फार हळवी आहेस’ हे वाक्य त्यांच्या वाट्याला कधी ना कधी येणार आहे.

हरीण दुसऱ्यांदा जातं आणि संपतं. पडलेलं काळीज कोल्हा गुपचूप खातो. सिंह ते शोधू लागतो तेव्हा कोल्हा म्हणतो, नव्हतंच तिथे. जे सिंहाच्या गुहेत दोनदा येतं त्याला कसलं काळीज? ग्रीकांच्या लेखी काळीज हे बुद्धीचंही ठिकाण होतं, एवढं सांगून ठेव.

हीच कथा पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, लब्धप्रणाशात आहे. तिथे सिंह करालकेसर, कोल्हा धूसरक आणि हरणाच्या जागी लंबकर्ण नावाचं गाढव. मुलांकडून दोन्हींची तुलना करून घे. लंबकर्णाला राज्याची लालूच नाही, धोब्याच्या ओझ्यातून सुटका, हिरवं गवत आणि गाढविणींची संगत असं आमिष आहे. सातवीत गाढविणी वगळून गवतावर भागव. कथा कुठून कुठे गेली या वादात त्यांना नेऊ नकोस. ज्याला जे कमी आहे तेच आमिष बनतं, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

विहिरीतल्या कोल्ह्याची आणि बोकडाची कथा पाच मिनिटांत उरक. तिथे स्तुती बोकडाची नाही, पाण्याची आहे. उडी मारल्यावर मग कोल्हा वर जायची युक्ती सांगतो, बोकडाचे पुढचे पाय भिंतीला, शिंगं वर, पाठीवरून तो बाहेर. अडचण नंतर सांगायची, हा त्यातला डाव.

फसलेल्यांच्याच कथा सांगितल्यास तर मुलं निराश होतील, म्हणून न फसलेल्यांना जागा ठेव. उंच कड्यावर चरणाऱ्या शेळीला लांडगा खालून म्हणतो, पडशील, खाली ये, इथे गवत छान आहे. ती म्हणते, तू मला माझ्या चाऱ्यासाठी नाही, तुझ्या जेवणासाठी बोलावतोयस. मांजर वैद्याचं सोंग घेऊन आजारी कोंबड्यांच्या दारात विचारतं, तब्येत कशी आहे? त्या म्हणतात, तू गेलीस की बरी. आणि कोंबडा. त्याचा सोबती कुत्रा झाडाच्या ढोलीत झोपलाय. पहाटे कोंबडा आरवतो आणि कोल्हा म्हणतो, इतका सुंदर आवाज असलेल्याला मला मिठी मारायची आहे, खाली उतर. कोंबडा भांडत नाही, खोटारडा म्हणत नाही. तो सांगतो, खाली दरवान झोपलाय, त्याला उठव, तो दार उघडेल. कोल्हा उठवतो, आणि कुत्रा त्याचा फडशा पाडतो. समोरच्याचा हेतू उघड करण्यापेक्षा तिसऱ्या कुणाला मध्ये आणणं सोपं आणि सुरक्षित असतं. मुलांसाठी तो तिसरा म्हणजे घरचं माणूस किंवा तू.

एक धोका आहे. या कथा ऐकल्यावर काही मुलं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघू लागतात. चांगल्या चित्राला चांगलं म्हटलं तरी ‘खुशामत!’ म्हणून ओरडतात. तेव्हा अॅरिस्टॉटलचा भेद सांग: जो उगाच सगळ्यांना खूश ठेवतो तो एक, आणि जो स्वतःच्या फायद्यासाठी खूश ठेवतो तो दुसरा; खुशामतखोर हा दुसरा. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने तर खुशामतखोराचं शब्दचित्रच रेखाटलं आहे. तो धन्याच्या कपड्यावरचा धागा उचलतो, त्याच्या फिक्या विनोदावर तोंडात कापड कोंबून हसतो, मुलांना फळं देतो ती बाप बघत असताना, आणि जोडे घेताना म्हणतो की पाय जोड्यापेक्षा सुबक आहे. मुलांना यातलं ‘बाप बघत असताना’ चटकन कळेल. कौतुकानंतर लगेच काही मागितलं जातंय का, एवढंच त्यांनी पाहावं.

शेवटच्या तासाला अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याचा प्रसंग घे. इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्ज हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केल्यावर अलेक्झांडरने अथेन्सकडे त्याच्या विरोधातले वक्ते मागितले. चरित्रकार प्लुटार्क आठ नावं देतो, त्यात डेमोस्थेनिस आहे. त्याने सभेत मेंढ्यांची कथा सांगितली: लांडगे म्हणाले, आपलं वैर या कुत्र्यांमुळे आहे, ते आमच्या हवाली करा, मग शांतता. मेंढ्यांनी कुत्रे दिले. पुढे त्याने असंही सांगितलं की धान्याचे व्यापारी वाडग्यात मूठभर गहू नमुना म्हणून फिरवतात आणि त्या जोरावर सगळी रास विकतात. तसंच आम्हा वक्त्यांना देताना तुम्ही स्वतःलाच देत आहात. ते वक्ते शेवटी सोपवले गेले नाहीत. अथेन्सच्याच डेमाडिस या वक्त्याने मध्यस्थी केली.

वर्गाचे दोन भाग कर. एका बाजूला लांडग्यांचे दूत, दुसऱ्या बाजूला मेंढ्यांची सभा. दूतांना पाच मिनिटं बोलू दे आणि मेंढ्यांना प्रश्न विचारू दे. कुत्र्यांना मात्र बोलायची परवानगी देऊ नकोस, मूळ कथेतही ते बोलत नाहीत. मेंढ्यांनी मत दिल्यावर दूतांनी कोणती वाक्यं वापरली ती फळ्यावर लिहून घे, आणि मला पाठव.

तुझी,
आई