खंडेनवमीआधी जुन्या कट्यारींसाठी एवढे करा: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस स. न. वि. वि.

२०२४ मध्ये लंडनहून वाघनखे साताऱ्यात आणताना शासनाने जी धावपळ केली, तिच्या शंभराव्या हिश्श्यात वाडे आणि देवघरांतल्या कट्यारी, बिचवे (वाकड्या पात्याचे छोटे खंजीर), पेशकब्ज (टोकाकडे निमुळते होणारे खंजीर) वाचतील. दरवर्षी त्यांचे सर्वांत मोठे नुकसान खंडेनवमीलाच होते. तेही भक्तिभावाने होते, म्हणून जास्त वाईट वाटते.

आदल्या दिवशी शस्त्र चिंच किंवा भांड्यांच्या पावडरीने घासतात, लोहाराकडून पॉलिश पेपर मारून आणतात. जुन्या पोलादाच्या पात्यावरची जौहर नक्षी, म्हणजे पोलादातच उमटलेल्या लहरींसारख्या रेषा, पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात दिसत असते. ती एका घासणीत पुसली जाते. मुठीवरच्या कोफ्तगरीत, म्हणजे सोन्याच्या नक्षीकामात, तार लोखंडावर ओरखडे पाडून नुसती ठोकून बसवलेली असते, त्यामुळे घासताच ती सुटते. मग पूजेत पाणी, ओले कुंकू, टोकाला टोचलेले लिंबू. लिंबाचा रस रात्रभर राहिला की सकाळी तिथे काळा डाग आणि खाली खड्डा. फिरंगी, म्हणजे युरोपीय, पात्याच्या कट्यारीत पाते मुठीच्या पट्ट्यांत रिव्हेटने जोडलेले असते. त्या फटीत गेलेले पाणी वाळत नाही, आत गंज फुगतो आणि रिव्हेट उचलतो.

पूजा थांबवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हळदकुंकू पाटावर किंवा खालच्या वस्त्राला लावावे, फुले कोरडी असावीत, लिंबू शेजारी ठेवावे. लाल गंज असेल तर तिथे हलके मशीन ऑइल लावून एक दिवस ठेवावे, मग बांबूच्या कामटीने खरवडावे. कोफ्तगरीला हात लावू नये. पाते ॲसिटोनने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (संग्रहालयांत धातू जपायला वापरतात ते मेण) पातळ हात द्यावा. आणि शस्त्र म्यानात ठेवू नये. चामड्यातले आम्ल व ओल पाते खातात. म्यान वेगळे, पाते वेगळे, कोकणात तर सिलिका जेलसह (ओल शोषणारे दाणे) बंद डब्यात.

एवढा मजकूर एका पानात मावतो. तो पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने नवरात्राआधी ग्रामपंचायतींपर्यंत पोचवावा.

दुसरी अडचण कायद्याची. शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत येते. कट्यारीचे पाते मुठीजवळ बहुधा दोन इंचांहून रुंदच असते, म्हणजे सात इंची कट्यारही अडकते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, पण ते मूल्य ठरवून लिहून कोण देणार? कागद हाती नसला की माणूस घाबरतो, आणि आजोबांची कट्यार भंगारात जाते किंवा रातोरात विकली जाते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

म्हणून सातारा, कोल्हापूर आणि नागपूर येथील शासकीय संग्रहालयांत वर्षातून एकदा तपासणी शिबिर घ्यावे. तज्ज्ञाने शस्त्र पाहावे, लांबी-रुंदी, वजन, खुणा आणि चारी बाजूंचे फोटो नोंदवून मालकाला सही-शिक्क्याचा दाखला द्यावा, त्याची प्रत पोलीस ठाण्याला जावी. वस्तू जमा करून घेण्याचा विषयच नको, नाहीतर कोणी येणार नाही. पहिले शिबिर याच खंडेनवमीच्या आधी व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपले,
जुन्या शस्त्रांचे संग्राहक व अभ्यासक