सूचना : रविवारची फेरी आणि टायटलरचा पर्ण वटवट्या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी, १८ जानेवारीला महाबळेश्वरला पक्षीनिरीक्षणाची फेरी आहे. सकाळी ६:३० वाजता एसटी स्टँडबाहेर जमावे. उशीर झाल्यास गट थांबणार नाही.

यंदा लक्ष टायटलरचा पर्ण वटवट्या या छोट्या पक्ष्यावर आहे. काश्मीर, पश्चिम हिमालयात वीण आणि हिवाळ्यात सह्याद्री, असा याचा प्रवास. जगभरात हा संकटसमीप (धोक्यात येण्याच्या जवळ पोहोचलेला) गणला जातो, म्हणून प्रत्येक खात्रीची नोंद मोलाची.

घोटाळा होतो तो हिरवट पर्ण वटवट्याशी. हिरवटाच्या पंखावर बारीक फिकट पट्टी असते आणि खालची चोच फिकट. टायटलरच्या पंखावर पट्टी नाही. चोच लांब, सडपातळ, गडद. भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) ठळक, शेपूट आखूड. मात्र झिजलेल्या पिसांत हिरवटाचीही पट्टी दिसेनाशी होते. त्यामुळे ‘पट्टी नाही’ एवढ्यावर नाव देऊ नका, चोच पाहाच.

नोंद करताना :
- पुस्तक उघडण्याआधी दिसले ते वहीत लिहा : चोच, पंख, भुवई, उजेड, झाडावरची उंची.
- फोटो पुसट आला तरी ठेवा. चोच आणि मिटलेला पंख बाजूने दिसायला हवेत.
- आवाज मोबाइलवर टिपा. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे सक्त मना आहे.
- खात्री नसेल तर ई-बर्डवर (पक्षीनोंदींचे संकेतस्थळ) फक्त ‘पर्ण वटवट्या’ नोंदवा. अशी नोंद प्रामाणिक असते, कमी दर्जाची नव्हे.

दुर्बीण, पाणी, स्वेटर आणावा. येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत गटावर नाव कळवावे.